अंकलिपीच्या आधी एक गोष्ट

जून जवळ आला की बोर्ली पंचतनच्या बाजारात छत्र्या, रेनकोट आणि दप्तरं टांगली जातात. खालच्या फळीवर पाट्या, पेन्सिली, अंकलिप्या. दिघीतल्या ज्या आयांचं मूल यंदा पहिल्यांदा अंगणवाडीत बसणार असतं, त्या अंकलिपी घेऊन येतात आणि घरी जाताना माझ्या ओटीवर घटकाभर टेकतात. "बाई, ही घेतली. आणखी काय घ्यायचं?" श्रीवर्धन तालुक्यात पहिली-दुसरीचे वर्ग शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हे मलाच विचारायचं असं इथं ठरून गेलं आहे. माझं उत्तरही ठरलेलं आहे. एक चित्रांचं, गोष्टीचं पुस्तक घ्या, आणि अंकलिपी उघडायच्या आधी ते उघडा.

अंकलिपी वाईट असं मी म्हणत नाही. अक्षरं शिकवायची वेळ आली की ती हवीच. पण तीन वर्षांच्या मुलासाठी तिच्यात काही घडत नाही. अननस असतो, आंबा असतो, इमारत असते. अननस आंब्याला भेटत नाही आणि इमारतीत कुणी राहत नाही. प्रत्येक चौकोनात एक वस्तू आणि तिचं एकच बरोबर उत्तर. आई बोट ठेवते, मूल नाव सांगतं, चुकलं की आई पुन्हा विचारते. पुस्तक म्हणजे आपली परीक्षा घेणारी वस्तू, हे ते मूल पहिल्याच पुस्तकावरून ठरवून टाकतं. पुढं चौथी-पाचवीत 'हा वाचतच नाही' म्हणून आपण कपाळाला हात लावतो, त्याची सुरुवात मला तिथं दिसते.

गोष्टीच्या पुस्तकात मुलाला सांगण्यासारखं काहीतरी असतं. चित्रातला मुलगा रडतोय, पलंगाखाली मांजर आहे, दाराआड कुणाचे तरी पाय दिसताहेत. अक्षर न ओळखणारं मूल हे सगळं वाचतं, मनात जुळवतं आणि बोलू लागतं. वाचन इथूनच सुरू होतं, असं वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग पाहून माझं ठाम मत झालं आहे. घरी चित्रं पाहून बडबड केलेलं मूल आणि घरी नुसती बाराखडी घोकलेलं मूल यांतला फरक दिवाळीपर्यंत कळून येतो. दुसरं अक्षरं लवकर काढतं. पहिलं वाक्याचा अर्थ लवकर काढतं, आणि अडलं तर अंदाज बांधतं.

चित्रं वाचायला अक्षरं लागत नाहीत, याचा आणखी एक मोठा फायदा आमच्यासारख्या गावात आहे. इथं पुष्कळ घरांत मुलं दिवसभर आजीपाशी असतात, आणि आजी शाळेत गेलेली नसते. 'मला कुटं वाचता येतं' म्हणून ती पुस्तकाला हात लावत नाही. सुकी मासळी विकणाऱ्या एका आजीच्या मांडीवर मी एकदा असं पुस्तक ठेवलं, ज्यात बाजाराचं पानभर चित्र होतं. नातू शेजारी. आजीनं चित्रातल्या कोळणीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हिनं वाटे लई लहान मांडलेत. गिऱ्हाईक थांबायचं नाय." नातवानं विचारलं, मग किती मोठे मांडायचे? तिथून जे सुरू झालं ते जवळा, सोडे, बोंबील करत करत तिच्या लहानपणीच्या बाजारापर्यंत गेलं. त्या मुलाला त्या दुपारी जेवढी मराठी ऐकायला मिळाली, तेवढी मी वर्गात आठवडाभरात देऊ शकले नसते. माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' हे पुस्तक मी म्हणूनच आज्यांच्या हाती आधी देते.

माधुरीताईंचं नाव आलंच आहे तर सांगते. मराठीत लहान मुलांसाठी काय घ्यावं असं कुणी विचारलं की मी त्यांच्यापासूनच सुरुवात करते. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात, त्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांची पुनरुक्ती करत बसत नाहीत. शब्दांत नसलेलं चित्रात सापडतं. 'राधाचं घर' या संचात राजा नाही, राक्षस नाही, शहाणपण शिकवणारा ससा नाही. एक लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगते, एवढंच. मुलं ते ऐकून लगेच स्वतःच्या घराबद्दल सांगू लागतात. 'बाबांच्या मिश्या', लालू बोक्याच्या गोष्टी, यशची पुस्तकं हीसुद्धा ज्योत्स्ना प्रकाशनाचीच, आणि सगळी चार-सहा वर्षांच्या मुलांना पुन्हा पुन्हा हवी असतात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना 2014 मध्ये मिळाला. 'राधाचं घर' त्याच्या कितीतरी आधीपासून बाजारात होतं, आणि तरी आमच्या भागात ते कुणाच्या घरी दिसत नव्हतं, याचं मला वाईट वाटतं.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं मराठीत मिळतात आणि किमतीला हलकी असतात. मिकी पटेल यांची रूपा हत्तीण त्यातलीच. आपला करडा रंग नको म्हणून इतर प्राण्यांचे रंग मागून घेणारी ही हत्तीण पाहून मुलं आधी हसतात, मग गप्प होतात. का गप्प होतात हे मी विचारत नाही.

प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ 2015 मध्ये सुरू झालं. त्यावर मराठीतली पुष्कळ चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, आणि परवाना खुला असल्यामुळे ती छापून घेऊन वाटायलाही हरकत नाही. पुस्तकांना पायऱ्या लावलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर पानाला एखादंच वाक्य असतं. रोहिणी निलेकणी यांनी 'नोनी' या नावानं लिहिलेली शृंगेरी श्रीनिवासची गोष्ट तिथं आहे. वर्षातून एकदाच केस कापणारा हा माणूस, आणि नेमका त्या दिवशी कुणालाच त्याच्यासाठी वेळ नसतो. ज्या घरी मोबाइल आहे त्या घरी ही गोष्ट आज रात्री वाचता येईल. फक्त मोबाइल मुलाच्या हातात देऊन आई चुलीकडे गेली तर उपयोग नाही. शेजारी बसायचं. आणि जमलं तर त्याच गोष्टीची छापील प्रत काढून घ्यायची, कारण लहान मूल पुढं जाण्यापेक्षा मागं जास्त जातं. त्याला तेच पान परत बघायचं असतं, आणि कागदाचं पान त्याला स्वतः उलटता येतं.

हाताचा मुद्दा मी मुद्दाम मांडते. लहानग्यांची चांगली पुस्तकं त्यांच्या हाताचा विचार करून केलेली असतात. बिअट्रिक्स पॉटर यांचं 'पीटर रॅबिट' 1902 साली आलं, ते मुलाच्या मुठीत मावेल एवढंच असावं असा त्यांचा आग्रह होता. एरिक कार्ल यांनी 1969 साली खादाड सुरवंटाच्या पुस्तकात पानांना भोकं पाडली. मूल वाचण्याआधी त्यात बोट घालतं. आपल्याकडे मात्र वाढदिवसाला भेट म्हणून जाडजूड, गुळगुळीत, '101 गोष्टी' असलेली पुस्तकं दिली जातात. ती कपाटावर छान दिसतात. तीन वर्षांच्या मुलाला ती उचलतसुद्धा नाहीत. शंभर गोष्टींच्या एका पुस्तकापेक्षा एका गोष्टीचं एक पातळ पुस्तक घ्या. ते शंभर वेळा वाचावं लागेल, याची तयारी ठेवा.

आता तात्पर्याबद्दल. गोष्ट संपली की 'मग यातून आपण काय शिकलो?' असं विचारायची आपल्याला खोडच लागली आहे. मुलं फार लवकर ओळखतात की मोठ्यांना काय ऐकायचं आहे, आणि ते उत्तर देऊन मोकळी होतात. 'खोटं बोलू नये.' 'एकीचं बळ.' गोष्ट तिथं मरते. माझं म्हणणं कडक आहे: ज्या पुस्तकाच्या शेवटी चौकटीत तात्पर्य छापलं आहे, ते सहा वर्षांखालच्या मुलासाठी घेऊ नका.

माझं हे मत निसर्ग वादळानं पक्कं केलं. 3 जून 2020. वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगावरून आत गेलं. पत्रे उडाले, कौलं फुटली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले. कोरोनामुळे शाळा आधीच बंद होत्या. कितीतरी दिवस वीज नव्हती. ज्यांच्या घरावर स्लॅब होता त्यांच्याकडे आजूबाजूची माणसं राहायला आली होती, आणि संध्याकाळी पोरं माझ्याभोवती जमायची. मी चिऊ-काऊची गोष्ट सांगायला घेतली. सगळ्यांच्या ओळखीची, शेणाच्या घराची आणि मेणाच्या घराची. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीचं दार ठोठावतो आणि चिमणी आतून एकेक कामं सांगत त्याला थांबवून ठेवते.

पाच वर्षांची एक मुलगी मध्येच म्हणाली, "ती दार का उघडत नाय?" तिच्या घराचे पत्रे उडाले होते. ते सगळे शेजाऱ्यांकडे राहत होते. "आमाला काकींनी लगेच घेतलं," ती म्हणाली. पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी ती गोष्ट त्या संध्याकाळी तिनं एका प्रश्नात उलटी केली. मग दुसरा एक मुलगा चिडून म्हणाला की कावळ्याला आत घ्यायचंच नाही, तो अंडी खातो, आमच्या वाडीत मी बघितलंय. त्याचंही खोटं नव्हतं. पोरांची जुंपली. एकानं तोड काढली की कावळ्याला पडवीत बसवायचं आणि मधलं दार लावायचं. कुणी म्हणालं, अंडी डब्यात ठेवायची. कितीतरी वेळ हे चाललं होतं. मी त्यात एकही शब्द घातला नाही. त्या वेळी मी 'घर मजबूत बांधावं' किंवा 'आळस करू नये' असं तात्पर्य सांगितलं असतं, तर ज्या मुलांची घरं नुकतीच मोडली होती त्यांना ते काय वाटलं असतं?

गोष्ट मुलाला विचार करायला जागा देते. ती जागा मोकळी सोडणं एवढंच मोठ्यांचं काम. वाचताना काय करायचं असं आया विचारतात, त्यांना मी दोनच गोष्टी सांगते. पुस्तक स्वतःकडे न धरता चित्र मुलाकडे येईल असं धरा. आणि पान उलटायच्या आधी जरा थांबा. थांबलात की मूल बोलतं. ते बोललेलं पुढच्या पानाशी जुळलं नाही तरी दुरुस्त करू नका.

तुलिका प्रकाशनाचं 'इस्मत्स ईद' हे फौजिया गिलानी-विल्यम्स यांनी तुर्की लोककथेवरून लिहिलेलं आणि प्रोइती रॉय यांनी चितारलेलं पुस्तक मी इंग्रजी प्रत हातात धरून मराठीत सांगते. ईदसाठी आणलेली विजार लांब निघते. घरातल्या बायकांना वेळ नाही म्हणून इस्मत ती स्वतःच आखूड करतो. मग घरातल्या एकेकीला आठवण होते आणि प्रत्येक जणी दुसऱ्यांना न सांगता ती आणखी आखूड करून ठेवते. इथं मी पान न उलटता थांबते. पुढं काय होणार हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो पाहण्यासारखा असतो. आमच्या गावात ईदच्या आधी शिंप्याकडे किती गर्दी असते हे सगळ्याच पोरांना माहीत आहे, मग ती कुठल्याही घरची असोत. मुलाला पुस्तकात आपलं घर दिसावं आणि शेजाऱ्याचंही दिसावं. मराठी चित्रपुस्तकांत शेजाऱ्याचं घर अजून फार कमी दिसतं.

आणि आमचा समुद्र तर जवळजवळ दिसतच नाही. पुस्तकातला समुद्र म्हणजे शहरातलं कुटुंब सुट्टीत येतं, वाळूचा किल्ला करतं, शंख गोळा करतं आणि परत जातं. दिघीच्या मुलाचा बाप समुद्रावर कामाला जातो. त्याच्या दारातून राजपुरीची खाडी दिसते, पलीकडे आगरदांडा, बाहेरच्या अंगाला जंजिरा. फेरीबोटीत गाड्या कशा उलट्या चढवतात हे त्याला चौथ्या वर्षी पाठ असतं. बंदराकडे जाणारे ट्रेलर किती चाकांचे, हे तो मोजून सांगतो. अशा मुलापुढे मी एक पुस्तक धरलं. त्यात शिडाच्या होडीत एकच माणूस गळ टाकून बसला होता. मुलानं विचारलं, "ह्यो एकटाच कसा गेला? खलाशी कुटं हायत? जाळं कुटं हाय?" चित्रकारानं होडी दुरून पाहिली होती, हे त्या पोरानं क्षणात पकडलं. डोल जाळं कसं लावतात, बर्फ कधी भरतात, तांडेल कुठं उभा राहतो, भरती-ओहोटीचं वेळापत्रक घरात कोण सांगतं, यावर एकेक चित्रपुस्तक होऊ शकतं. पुण्या-मुंबईच्या लेखकांना आणि चित्रकारांना माझं मनापासून सांगणं आहे की जून-जुलैत इथं या. मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी विणत घरी बसलेली असतात. बोलायला सगळ्यांना वेळ असतो.

बापांसाठीही हेच दोन महिने महत्त्वाचे. एरवी पहाटे जाणारा, रात्री परतणारा किंवा दिवसेंदिवस बाहेर राहणारा बाप या दिवसांत मुलाच्या वाट्याला येतो. जाळं दुरुस्त करताना पोराला शेजारी बसवून पुस्तकातलं पान दाखवायला सांगा. हात कामात असले तरी डोळे आणि तोंड मोकळं असतं.

हे सगळं एकेका घरावर सोडून भागणार नाही. लहान मुलांपर्यंत जायचं तर अंगणवाडीतूनच जायला हवं, आणि ही कल्पना तर मुळात आपल्याच किनाऱ्यावरची आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. शिंपले, बिया, पानं हेच त्यांचं साहित्य होतं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आज पालघर जिल्ह्यातच, वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची 'क्वेस्ट' ही संस्था 'गोष्टरंग' उपक्रमातून मुलांच्या गोष्टी नट-नट्यांकरवी शाळाशाळांत रंगवते. कोसबाडची परंपरा तिथं जिवंत आहे. रायगडच्या किनाऱ्यावर ती का नसावी?

पैशाचं म्हणाल तर वाट आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. पण तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत, म्हणजे महिला व बालविकास खात्याकडे. ज्या वयात चित्रपुस्तकाची सगळ्यांत जास्त गरज, ते वय या तरतुदीबाहेर राहतं. मात्र ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला आणि बालकांसाठी खर्च करायचा असतो. त्यातला छोटासा भाग दरवर्षी पातळ चित्रपुस्तकांवर खर्च करा, असा ठराव 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत कुठल्याही आईला मांडता येईल. मी आमच्या भागातल्या आयांना तो मसुदा लिहून देते आहे.

त्या ठरावात मी एक ओळ आवर्जून घालायला सांगते. पुस्तकं कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं, यात अंगणवाडीताईंचा दोष नाही. पुस्तक डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढलं की फाटल्याचा, हरवल्याचा जाब तिला द्यावा लागेल ही भीती असते, आणि तिच्या मानधनात ती भीती परवडणारी नाही. तीन वर्षांचं मूल पुस्तक हाताळणार म्हणजे ते फाटणार. म्हणून चित्रपुस्तकं खडू-फळ्यासारखी वापरून संपणारी वस्तू धरावी. वर्षाअखेरीस फाटकी पुस्तकं एका सहीनं निर्लेखित व्हावीत, आणि कुणाकडूनही वसुली होऊ नये. पुस्तकं कपाटाऐवजी भिंतीला दोरी बांधून, मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवावीत. दोरी आणि चिमटे बोर्लीच्या बाजारात मिळतात.